दिव्याखालचें पीक आणि नवे दिवे

शेती म्हटली कीं सूर्य आलाच, असें आपण लहानपणापासून मानीत आलों. परंतु अंजनगांव-सुर्जी, अचलपूर, अकोट या बाजूस जी केळी आज बागांतून उभी आहे, तिच्यापैकीं पुष्कळ झाडांनीं आपल्या आयुष्याचे पहिले कित्येक महिने सूर्य पाहिलेलाच नसतो, ही गोष्ट बागाईतदार बंधूंच्याहि सहसा ध्यानांत येत नाहीं. जळगांवच्या जैन कारखान्यांतून किंवा अन्य प्रयोगशाळांतून येणारें 'ग्रँड नैन' जातीचें टिश्यू कल्चरचें रोप कांचेच्या बाटलींत, बंद खोलींत, विजेच्या दिव्याखालीं वाढतें. पुढें तें हरितगृहांत व छायाजाळीखालीं कणखर करून आपल्या हातीं देतात. म्हणजे रोपाच्या किमतींत दिव्याचें बिल मिसळलेलें असतें, आणि तें शेवटीं आपणच भरतों. यास्तव हे दिवे कोणते असावे हा प्रश्न केवळ प्रयोगशाळावाल्यांचा नव्हे.

मी महसूल खात्यांत कारकुनी करून नुकताच निवृत्त झालों. माझा पुतण्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाची पदवी घेऊन आला, आणि राजापेठेंतील आमच्या जुन्या घराच्या मागील दोन खोल्यांत त्यानें कर्ज काढून केळीच्या रोपांची लहानशी प्रयोगशाळा घातली. हिशेबाचें काम ओघानेंच मजकडे आलें. वाढीच्या खोलींत १० मांडण्या, प्रत्येक मांडणीस ५ कप्पे, प्रत्येक कप्प्यावर २ नळदिवे, अशा एकंदर १०० नळ्या. त्या दिवसाचे १६ तास जळत, आणि खोलींतील उष्णता २५ अंशांच्या आसपास राखण्यासाठीं वातानुकूलन यंत्र चालू असे. पहिल्या वैशाखाचें वीज-बिल हातीं आलें तेव्हां माझी झोप उडाली. साऱ्या नोकरींत लोकांच्या थकबाक्या लिहिल्या. आतां घरचीच थकबाकी लिहावी लागते कीं काय, असें झालें. पुतण्या म्हणाला, "काकाजी, दिवे बदलल्याशिवाय हें चालावयाचें नाहीं."

विजेच्या उजेडावर वनस्पति वाढविणें ही कांहीं आजची कल्पना नव्हे. इंग्लंडांत विल्यम सीमेन्स यानें इ. स. १८८० च्या सुमारास आपल्या बागेंत आर्कचे दिवे लावून असे प्रयोग केले होते. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं १९९० सालीं बांबूस कांचेच्या बाटलींत फुलोरा आणला. जो बांबू रानांत फुलावयास कित्येक तपें घेतो तो बाटलींत कांहीं महिन्यांत फुलला, आणि त्याची वार्ता जगभर गेली. नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेंत संत्र्याचीं रोगमुक्त कलमें तयार करतांना शेंड्याचा सूक्ष्म अंकुर कांचनळींतच सांभाळावा लागतो. हीं सर्व कामें वर्षानुवर्षें नळदिव्यांवर होत आलीं. तांबडा एल्.ई.डी. दिवा १९६२ सालीं निघाला. अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें १९९१ सालीं त्याच्या उजेडावर लेट्यूसची भाजी वाढवून दाखविण्यांत आली, पण निळ्या उजेडासाठीं तेव्हांहि नळदिव्याचीच जोड घ्यावी लागली. पुढें निळा दिवा साधला, आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या दिव्यावर पिवळसर लेप दिला कीं पांढरा उजेड मिळतो. आज आपल्या घरोघरीं आहे तो हाच. २०१५ सालीं सुरू झालेल्या उजाला योजनेनें तो स्वस्त केला. सरकारी खरेदींत ज्या बल्बास २०१४ मध्यें ३१० रुपये पडत, तो पुढील तीन-चार वर्षांत ४० रुपयांच्या आंत आला.

आतां हिशेब. ४० वॉटची जुनी नळी व तिचा तांब्याचा चोक मिळून सुमारे ५२ वॉट खातात. शंभर नळ्यांचे ५२०० वॉट. १६ तासांचे ८३ युनिट. त्याजागीं २० वॉटच्या एल्.ई.डी. नळ्या घातल्या तर ३२ युनिट. रोजची बचत ५१ युनिट. शिवाय दिव्यानें खाल्लेली वीज अखेर खोलींत उष्णतेच्याच रूपानें उतरते, आणि ती बाहेर काढण्यास वातानुकूलन यंत्राला साधारण तीन युनिटांमागें एक युनिट लागतें. म्हणून उन्हाळ्यांत आणखी १७ युनिट वांचतात. युनिटास ८ रुपये धरले तर केवळ दिव्यांवर रोजचे सुमारे ४१० रुपये झाले, व उन्हाळ्यांत वर १३६. नळी बसविण्यासह ३०० रुपयांस पडली असें मानलें तर ३०,००० रुपयांचा खर्च अडीच महिन्यांत फिटतो. ज्याचा जो दर असेल तो त्यानें घालून पाहावा. निष्कर्ष फारसा बदलत नाहीं. हा तक्ता मीं तीनदां तपासला, कारण इतका लाभ दाखविणारा कागद समोर आला कीं कारकुनास संशय येतोच.

संशय खरा ठरला, पण भलत्याच बाजूनें. आम्हीं प्रथम पांढऱ्या नळ्या घेतल्याच नाहींत. एका विक्रेत्यानें सांगितलें कीं वनस्पतीस तांबडा व निळा एवढाच उजेड लागतो, हिरवा वायां जातो, यास्तव 'खास शेतीचे' जांभळे दिवे घ्यावे. ते तिप्पट किमतीचे होते. दोन मांडण्यांवर ते लावले. खोली एखाद्या नाटकाच्या रंगभूमीसारखी दिसूं लागली व आम्हांस मोठा अभिमान वाटला. पंधरा दिवसांनीं बाटल्या हाताळणारी एक बाई म्हणाली, "भाऊ, या जांभळ्या उजेडात बुरशी दिसूनच नाही राह्यली." तिच्या बोलण्याकडे आम्हीं आठ दिवस दुर्लक्ष केलें, हा दोष आमचा. पान आपणांस हिरवें दिसतें तें तें हिरवा उजेड परत फेंकतें म्हणून. दिव्यांत हिरवा अंशच नसेल तर पान काळें दिसतें, त्याचें पिवळेपण कळत नाहीं, आणि बाटलीच्या तळाशीं जंतूंचा जो दुधट थर धरतो तोहि डोळ्यांस लागत नाहीं. बाटल्या बाहेर दिवसाच्या उजेडांत आणून पाहिल्या तेव्हां ८०० पैकीं ३०० वर फेंकून द्याव्या लागल्या. बाटलींत दहा-बारा कोंब धरले तर तीन हजारांवर रोपांचें बीज गेलें, आणि कर्जाचा एक हप्ता पुढें ढकलावा लागला. विक्रेत्यानें दिवे परत घेतले नाहींत. मी त्यास पत्रें लिहिलीं. उत्तर आलें नाहीं.

विक्रेत्याचें म्हणणें अर्धेंच खरें होतें. तांबड्या उजेडावर पान अन्न अधिक करतें हें ठीक. पण निव्वळ तांबड्यांत रोप लांबट व दुबळें होतें, निळ्यानें तें आंखूड व भरदार राहतें, आणि हिरवा उजेडहि बराचसा पानाच्या उपयोगीं पडतो, हें १९७२ सालींच मॅक्री या शास्त्रज्ञानें मोजून दाखविलें आहे. शिवाय बाटलींतील रोप साखरेच्या खुराकावर जगत असतें. त्यास उजेड पोटासाठीं थोडा व अंगलटीसाठीं अधिक लागतो. अशा कामास साधा पांढरा एल्.ई.डी. दिवा पुरतो, आणि माणसाचे डोळेहि शाबूत राहतात.

मग पांढऱ्या नळ्या बसविल्या. त्यांतहि दोन गोष्टी अनुभवानेंच कळल्या. जुनी नळी चोहोंकडे उजेड फेंकीत असे. नवी मुख्यतः खालीं फेंकते. त्यामुळें कप्प्याच्या मध्यें उजेड भरपूर व दोन्ही टोंकांस कमी पडतो, म्हणून आठवड्यांतून एकदां बाटल्यांच्या जागा फिरवितों. दुसरी गोष्ट हिंवाळ्याची. पौषांत अमरावतीस रात्रीं थंडी चांगलीच उतरते. पूर्वी चोकांच्या उबेनें खोली तग धरी. नवे दिवे थंड, म्हणून खोली २० अंशांच्याहि खालीं गेली व कोंब फुटणें मंदावलें. उष्णता वांचली म्हणून आनंद मानला, आणि तीच आतां विकत घेण्याची पाळी आली! परंतु पुतण्यानें शेगडी न आणतां दिव्यांचें वेळापत्रकच उलटें केलें. सायंकाळीं ५ ला लावावे व सकाळीं ९ ला मालवावे. दिव्यांची जी काय थोडी ऊब असेल ती थंडीच्याच वेळीं मिळते, आणि उन्हाळ्यांत तर दुपारच्या उन्हांत दिव्यांची भर पडत नाहीं हा दुहेरी लाभ. खोली बंदच, रोपास घड्याळ कोठें कळतें?

खरेदी करतांना वॉटच्या आंकड्यावर भुलूं नये. वॉट म्हणजे दिवा खातो किती. देतो किती हें त्यावरून कळत नाहीं. वनस्पतीस लागणारा उजेड मायक्रोमोल या मापानें मोजतात. एका ज्यूल विजेंत नळदिवा सुमारे ०.९, हॉलंडच्या कांचघरांत ज्यांचा मोठा वापर झाला ते सोडियमचे दिवे १.७, आणि चांगला एल्.ई.डी. २.५ ते ३ मायक्रोमोल देतो. हा आंकडा वेष्टनावर किंवा कागदावर नसेल तर मागावा. आपल्याजवळील लक्स-मापक माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानें केलेलें असतें, म्हणून जांभळ्या दिव्यास तें लावूं नये. पांढऱ्यास मात्र १००० लक्स म्हणजे सुमारे १४ मायक्रोमोल असा अंदाज चालतो. केळीच्या बाटल्यांस २००० ते ३००० लक्स पुरे. आणखी एक: दिवा जातो तो बहुधा आंतील चकतीमुळें नव्हे, तर तिला वीज पुरविणाऱ्या ड्रायव्हरमुळें. आमच्या पेठेंतील विजेचा दाब वरखालीं होतो, त्यामुळें पहिल्याच पावसाळ्यांत ११ नळ्या गेल्या. दाब-नियंत्रक बसविल्यावर हें थांबलें. २५,००० तासांची नळी रोज १६ तास जाळली तर सव्वाचार वर्षें टिकावी.

सोलापूर-सांगलीकडे ड्रॅगन फळाच्या बागांत हिंवाळ्याच्या रात्रीं एल्.ई.डी. बल्ब लावून अवेळीं फुलें आणतात, त्याची पुष्कळांनीं मजजवळ चौकशी केली. तो प्रकार निराळा. तेथें दिवा पिकास अन्न देत नाहीं. रात्र लहान आहे अशी फक्त भूल घालतो. त्यास फार थोडा उजेड लागतो, म्हणून येथील हिशेब तेथें लावूं नये.

जुन्या नळ्या फोडूं नयेत. त्यांत पारा असतो. मिनामाता करारांतील देशांनीं २०२३ सालीं अशा नळ्यांची निर्मिति व आयात-निर्यात २०२७ पर्यंत बंद करण्याचें ठरविलें आहे, आणि त्या करारांत आपला देशहि आहे. आमच्या काढलेल्या नळ्या खोक्यांत भरून ई-कचरा घेणाऱ्याकडे दिल्या. एक मांडणी मात्र मुद्दाम जुन्याच दिव्यांवर ठेविली आहे. तिच्यावरील व शेजारच्या नव्या दिव्यांखालील रोपें येत्या मृगांत अंजनगांवच्या एका मळ्यांत शेजारींशेजारीं लावावयाचीं आहेत. घड पडले म्हणजे दोहोंचीं वजनें याच मासिकाकडे धाडीन.