व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरचे ओहम

माळ्यावरचा जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर खाली काढला, की पहिला प्रश्न येतो: मागे ४, ८, १६ असे आकडे आहेत, स्पीकरची वायर लावायची कुठे? आज आपण एवढंच बघणार आहोत. कारण इथे चूक झाली, तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तसाच दुसरा मिळणं आता कठीण.

व्हॉल्व्हकडे व्होल्टेज भरपूर, करंट मात्र मिलिअँपिअरमध्ये. स्पीकरला हवं उलटं: व्होल्टेज थोडं, करंट जास्त. दोघांची गाठ ट्रान्सफॉर्मर घालून देतो. नंदाखालच्या वाडीत बैलाचा रहाट ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे लगेच कळेल. बैल आपल्या चालीनं फिरतो, दातेरी चाकं ती चाल मडक्यांच्या माळेला देतात. दातांचं प्रमाण बदला, बैलाला जाणवणारं ओझं बदलतं.

आता आकडे घेऊ. ईएल ८४ हा व्हॉल्व्ह एकटा वापरला, तर त्याला साधारण ५००० ओहमचा भार मानवतो. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचं प्रमाण २५ ला १ धरा. भार बदलतो तो या प्रमाणाच्या वर्गानं. २५ चा वर्ग ६२५, आणि ६२५ गुणिले ८ म्हणजे बरोबर ५०००. जमलं! पण त्याच ८ च्या जागी ४ ओहमचा स्पीकर लावला, की व्हॉल्व्हला २५०० च दिसतात. आवाज लवकर फाटतो, पूर्ण ताकद मिळत नाही. १६ चा लावला तर १०,००० दिसतात; तिथेही ताकद घटते आणि वाइंडिंगवर व्होल्टेजचा ताण वाढतो.

सगळ्यात घातक म्हणजे स्पीकरच नसणं. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर स्पीकरविना सहसा बिघडत नाही, त्याला भीती वायरी एकमेकींना चिकटण्याची. व्हॉल्व्हचं उलट आहे. भार नसताना मोठा आवाज सोडला, की प्रायमरीत व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटू शकतं. आपल्याकडे तर खारी हवा, तांब्याच्या वायरीची टोकं हिरवी पडतात. बाहेरून जोडलेली दिसते, आत संपर्क नसतो. म्हणून टोकं आधी घासून घ्या.

८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४ होतात, एकापुढे एक जोडले तर १६. त्याप्रमाणे जागा निवडा. स्पीकरवरचा आकडा पुसला असेल, तर तो सुटा करून मल्टिमीटर लावा. मीटर साधारण ६ दाखवतो, तेव्हा स्पीकर बहुधा ८ चा असतो. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. इम्पीडन्स, म्हणजे संरोध, आवाजाच्या पट्टीप्रमाणे बदलत राहतो.

आणि हे विसरू नका: जोडणी बदलायची ती प्लग काढूनच. झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही तीनशे-चारशे व्होल्ट उरलेले असू शकतात.

आता तुमचे प्रश्न घेऊ.