आलेखातले अर्धे जिल्हे गेले कुठे?

समजा, महाराष्ट्रातल्या ३६ जिल्ह्यांचा पाऊस तुम्ही चार्टजेएसमध्ये स्तंभालेखावर मांडलात. आलेख छान दिसतो. पण नावं मोजून बघा. स्तंभ ३६, आणि नावं बहुतेक वेळा एकाआड एकच! एरर नाही, सूचना नाही. जागा पुरेनाशी झाली की ही लायब्ररी नावं आधी तिरकी करते (मूळ मर्यादा ५० अंश), तरीही मावली नाहीत तर काही गाळते. या सोयीचं नाव ऑटोस्किप, आणि ती आपोआप चालू असते. तारखांच्या अक्षावर हे चालून जातं, कारण मधली तारीख वाचणारा ओळखतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या मधे कोण, हे तो कसं ओळखणार? म्हणून नावांच्या अक्षावर ऑटोस्किप बंदच ठेवा.

बंद केल्यावर नावं एकमेकांवर चढतात. मग बरेच जण पॅडिंग वाढवत बसतात. त्याने काही होत नाही. टिक्सचं पॅडिंग म्हणजे अक्षरेषा आणि नाव यांतलं अंतर, दोन शेजारच्या नावांमधलं नव्हे. शेजाऱ्यांची गर्दी कमी करतो तो कोन.

इथे थोडं गणित करा. ओळीची उंची १४ पिक्सेल धरली, तर ४५ अंशांत प्रत्येक नावाला आडवी जागा लागते १४ भागिले साइन ४५, म्हणजे साधारण २० पिक्सेल. ३६ नावांना ७२०. नाव उभं केलं तर १४ पिक्सेलमध्ये भागतं, पण 'छत्रपती संभाजीनगर' मान वाकडी करून वाचावं लागतं. शिवाय देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे १४ सुद्धा तशी कंजूषीच. आणि उंचीचं काय? १२० पिक्सेल लांबीचं नाव ४५ अंशांत ८५च्या आसपास उंची खातं. आलेखाची एकूण उंची ठरलेली असेल, तर ती स्तंभांच्याच वाट्यातून जाते.

डी-थ्रीमध्ये आणखी एक गोम आहे. खालच्या अक्षावरचा मजकूर मुळात मध्याशी टांगलेला असतो. तो नुसता फिरवलात तर नावाचं एक टोक वर स्तंभात घुसतं आणि नाव शेजारच्याचं वाटतं. कोन उणे ४५ दिलात तर टेक्स्ट-अँकर 'एंड' करा, म्हणजे शेवटचं अक्षर आपल्या टिकखाली येईल. खालचा आणि डावा मार्जिनही हाताने वाढवा, नाहीतर पहिलं नाव कापलं जातं.

माझं मत विचाराल तर ३६ नावांना कोन शोधूच नका. ३६० पिक्सेलच्या मोबाईलवर प्रत्येक स्तंभाला जेमतेम १० पिक्सेल येतात. तिथे उभी नावंही मावत नाहीत. सरळ आडवे स्तंभ घ्या. चार्टजेएसच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यासाठी इंडेक्सअ‍ॅक्सिस 'वाय' एवढं पुरतं. उंची मात्र स्वतः द्या, नावामागे २० पिक्सेल तरी, कारण ऑटोस्किप उभ्या अक्षावरही तितक्याच शांतपणे नावं गाळतो.