एलाची पानगळ आणि आंब्याची पालवी

हेश्वान सरून किस्लेव लागला की यरुशलेमच्या पश्चिमेकडील डोंगरउतारांवर रंगांचा एक लहानसा उत्सव सुरू होतो. युरोप-अमेरिकेतील अरण्यांइतका तो अफाट नसतो. सदाहरित पाइन व ओक यांच्या दाटीत मधूनच एखादी एला लाल होऊन उभी राहते. ओगच्या झुडपांवर तांबडी छटा चढते. द्राक्षवेली आणि अंजिरी पिवळ्या पडतात. म्हणूनच येथे रंग शोधीत हिंडावे लागते, आणि त्यातच गोडी आहे.

बेत शेमेशच्या दक्षिणेस एला खोरे आहे. दावीद व गल्याथ यांच्या द्वंद्वाची ही भूमी. तिचे नाव याच वृक्षावरून पडले. पानगळीला हिब्रूत ‘शलेखेत’ म्हणतात. यशयाच्या सहाव्या अध्यायाच्या अखेरीस एला आणि अल्लोन या वृक्षांच्या संदर्भात हा शब्द येतो. पाने गेली तरी बुंधा उरतो, असा त्याचा आशय मानला जातो.

दिवस लहान होऊन रात्री गारठू लागल्या की पानातील हरितद्रव्याचे विघटन होत जाते व मूळचा पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र त्या दिवसांत नव्याने तयार होतो. त्या द्रव्याला अँथोसायनिन म्हणतात.

कोकणातून आलेल्या आम्हां मंडळींना हा क्रम प्रथम उलटाच वाटतो. अलिबाग-रेवदंड्याकडे अनेक झाडे पाणी जपण्यासाठी कोरड्या दिवसांत पाने टाकतात. येथील एला कोरडा उन्हाळा हिरवेपणी काढते आणि पाऊस सुरू झाल्यावर, थंडीच्या चाहुलीने पाने सोडते. येथे जाणारे पान लाल. तेथे येणारे पान लाल. आंब्याच्या तांबूस पालवीतही तेच अँथोसायनिन असते. इतकेच नव्हे, तर एला, ओग, आंबा आणि काजू ही सारी एकाच कुळातील झाडे आहेत!

आमच्या नातवंडांना ‘शलेखेत’ ठाऊक आहे. ‘पानगळ’ आणि ‘पालवी’ हे शब्द त्यांच्या कानांवर क्वचितच पडतात. असे शब्द फळ्यावर लिहून मनात रुजत नाहीत, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. ते झाडाखाली उभे राहून, वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ऐकावे लागतात, आणि ते सांगणारी पिढी दरवर्षी विरळ होत आहे.

हनुक्काच्या सुट्टीत शाळा बंद असतात. त्यातील एक दिवस आजी-आजोबांनी नातवंडांसह डोंगरात घालवावा. गुडघे दुखत असतील तर रस्त्याकडेच्या झाडापर्यंत गेले तरी पुरे. डब्यात घरचे काही असावे. राखीव वनातील पान तोडू नये, झाडाखाली पडलेलेही तेथेच राहू द्यावे. मुलांनी त्याचे चित्र काढावे आणि खाली दोन्ही भाषांत नाव लिहावे. मराठी नाव आजीने सांगावे, हिब्रू नाव नातवाने. अशा रीतीने दोघांनाही एकमेकांकडून काही शिकता येईल.