हाताचा कंप, मनाचा कंप

तापीकाठच्या कामरेज येथे आमच्या शाळेत फळ्यावर लिहिताना एके दिवशी खडू थरथरला आणि वडिलांचा कंपवात डोळ्यांपुढे उभा राहिला. या व्याधीत अक्षर बारीक होत जाते, म्हणून कित्येक रात्री मी माझे जुने-नवे हस्ताक्षर ताडून पाहिले. अखेर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजाविले : १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेल्या या रोगातील कंप बहुधा हात स्वस्थ असताना दिसतो; बहुतेक रुग्णांत तो वारशाने आलेला नसतो. थायरॉइडच्या विकाराने, चिंतेनेही हात कापतो. तपासण्या अद्याप चालू आहेत. वडिलांनी थरथरता हात वर्षभर खिशात लपविला होता. वाचकहो, तसे आपण करू नये, वेळीच विचारावे.