म्हातारपणाचा विसर आणि एमआरआयचा अंदाज

दिवाळी सरली की गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता घेऊन नवरा-बायको कारखान्याला जातात. मागे उरतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि जनावरं. पाच-सहा महिन्यांनी लेक-सून परत येतात, तेव्हा कुणाची आई तोच प्रश्न दहादा विचारत असते, कुणाचे वडील रानातून घरी येताना वाट चुकत असतात. गावाचा निकाल ठरलेला: साठी बुद्धी नाठी.

या निकालामुळेच डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि समज ढासळत नेणारा आजार, आपल्याकडे दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी ‘लासी-डॅड’ अभ्यासानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना तो आहे. म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले विस्मृतीत हरवलेले शास्त्रीबुवा शहरी, विद्वान होते. आजाराचा मोठा भार मात्र ज्यांनी कधी पाटी हातात धरली नाही त्यांच्यावर आहे.

हा आजार होण्याआधीच ओळखता येईल का? इथे मेंदूचं चित्र कामाला येतं. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या पोटात हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग असतो. नवी आठवण आधी तिथे नोंदली जाते. वयानुसार तो सगळ्यांचाच झिजतो, वर्षाला साधारण दीड टक्का. अल्झायमर या डिमेन्शियाच्या मुख्य प्रकारात ही झीज चार-पाच टक्क्यांवर जाते. रेडिओलॉजिस्ट एमआरआयच्या उभ्या छेदात हा भाग पाहून शून्य ते चार अशी श्रेणी देतात; ती पद्धत 1992 पासूनची आहे. त्याच एमआरआयमध्ये पांढरे डागही दिसतात. ते बहुधा वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेल्या बीपीने आणि साखरेने बारीक रक्तवाहिन्यांची जी नासाडी केली, तिच्या खुणा असतात. माझ्या मते आपल्या भागात हिप्पोकॅम्पसपेक्षा हे डागच आधी बघावेत, कारण बीपीची गोळी गावात मिळते.

पेट स्कॅन आजाराची आणखी आधीची अवस्था दाखवतो. अल्झायमरमधला अमायलॉइड हा चिकट प्रथिनाचा थर लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचत असतो, आणि तो पेटमध्ये उजळून दिसतो. पण त्यासाठी लागणारं किरणोत्सारी फ्लोरिन दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ही तपासणी मोठ्या शहरांपुरतीच उरते. शिवाय थर असूनही मरेपर्यंत शाबूत राहिलेली डोकी कमी नाहीत.

2025 मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातल्या अभ्यासातून एक नवं तंत्र पुढे आलं. 1972-73 साली जन्मलेल्या हजारावर लोकांवर संशोधक जन्मापासून नजर ठेवून आहेत. त्यांच्या पंचेचाळिशीतल्या एमआरआयवरून संगणकाला शरीर किती वेगाने म्हातारं होतंय हे ओळखायला शिकवलं. मग तेच गणित इतरत्रच्या वृद्धांच्या स्कॅनना लावलं, तेव्हा वेगाने म्हातारे होणाऱ्यांत पुढे डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी जास्त निघालं. आकडा मोठा वाटतो, पण तो गटाचा आहे. चकलांब्याच्या एका आजीला ‘तुला होणार’ किंवा ‘नाही होणार’ असं त्यावरून कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

आणखी एक अडचण आहे: मोजपट्टी कुणाच्या मेंदूची? हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2019 मध्ये शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा बनवला. आपला मेंदू सरासरीने पाश्चात्त्यांपेक्षा आकाराने लहान निघाला. त्यांची पट्टी लावली तर धडधाकट माणूसही झिजलेला ठरायचा. म्हणून बंगळूरचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात जे करतंय ते मला जास्त मोलाचं वाटतं. तिथे पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार खेडुतांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करायची योजना आहे, एमआरआयसह. मराठवाड्यात असं काही व्हायला हवं.

तोवर काय? चालत्याबोलत्या माणसाने निव्वळ भीतीपोटी पदरमोड करून एमआरआय काढू नये. विसर मात्र वाढत असेल, हिशेब चुकत असेल, स्वयंपाकाचा क्रम बिघडत असेल, तर एकदा स्कॅन टाळू नये. पडल्यावर कवटीत हळूहळू साचलेलं रक्त, मेंदूत साठलेलं पाणी किंवा गाठ त्यात सापडते, आणि यातलं बरंच उपचाराने सुधारतं. बी-12 आणि थायरॉईडची रक्ततपासणी त्याआधीच करून घ्यावी, कानही तपासावेत. लॅन्सेट आयोगाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांत बहिरेपणा, बीपी, मधुमेह आणि तंबाखूचा धूर आहे. ही चौदाही कारणं हाताळली तर जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा त्या आयोगाचा अंदाज आहे.

आशाताई घरी येऊन जो तपासणी अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? त्याचं उत्तर घाईत ‘नाही’ देऊ नका. टोळीहून परतलेल्या लेकाने ‘गेलो तेव्हा आई अशी नव्हती’ एवढं जरी डॉक्टरला सांगितलं, तरी निदानाला मोठी मदत होते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मेडिसिन नाहीतर मानसोपचार विभागात दाखवा. कुठे जावं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे: 14567, फोन मोफत.