ओल्या वाळूचा साचा

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातील पार्थसारथी मंदिरात उत्सवमूर्तीच्या मुखावर बारीक व्रण आहेत. कुरुक्षेत्रावर सारथ्य करताना लागलेल्या भीष्मांच्या बाणांच्या त्या खुणा, अशी भाविकांची श्रद्धा आहे. श्रद्धेच्या प्रांतात ओतकाऱ्याने शिरू नये हे खरे. परंतु तसेच खड्डे एखाद्या पंपाच्या कवचावर उमटले, तर तो नग भंगारात जातो. पुष्कळदा त्यामागे वाळूतील पाणी असते.

परंपरेने ओतलेल्या देवमूर्तीला या पाण्याचे भय फारसे नसते. मेणाच्या मूर्तीवर मातीचे लेप चढवून साचा तापवितात. मेण वितळून जाते, मातीतील ओलही जाते. पंपाचा साचा मात्र ओल्या वाळूचाच राहतो. इंग्रजीत तिला ‘ग्रीन सँड’ म्हणतात. हे हिरवेपण रंगाचे नव्हे, कच्चेपणाचे आहे.

पाणी मुळीच नको, असेही म्हणता येत नाही. वाळूचे कण बेंटोनाइटसारखी चिकणमाती धरून ठेवते आणि तिला चिकटपणा येतो तो पाण्याने. शंभर भागांत साधारण ३ ते ५ भाग पाणी पुरते. त्याहून कमी झाले की साच्याच्या कडा ढासळतात. अधिक झाले की १३०० अंशांहून तप्त लोखंड आत येताच वाफ उसळते. एक लिटर पाण्याची वाफ साध्या दाबाखालीही सुमारे १६०० लिटर जागा मागते. तिने कणांमधील फटींतून निसटावे. पण वाळू धुमसाने फार ठोकलेली असली तर वाट बंद होते आणि वाफ धातूतच घुसते. पाणी साचलेले असल्यास धातूच उसळून बाहेर येतो. मग प्रश्न नगाचा उरत नाही, कामगाराच्या डोळ्यांचा होतो.

समुद्रकाठच्या चेन्नईत हवा बारमाही दमट, त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे. कोल्हापूरच्या ओतशाळांना हाच जाच आषाढ-श्रावणात होतो. जुना कारागीर मूठभर वाळू आवळून मोडून पाहतो. बोटांचे ठसे स्पष्ट उठावेत, तुकडा स्वच्छ मोडावा, तळहात ओला होऊ नये. तरीही हात फसतो, विशेषतः वाळू गरम असताना. ५० ग्रॅम वाळू १०५ ते ११० अंशांवर सुकवावी. ४८ ग्रॅम उरली तर ओल ४ टक्के.

ओल वाढलीच तर वरून कोरडी वाळू भुरभुरणे हा आळशी उपाय होय. ती घाणीत सगळ्या वाळूबरोबर नीट मळली पाहिजे आणि मातीचे प्रमाणही पुन्हा राखले पाहिजे. ढीग छपराखाली, जमिनीपासून उंचावर असावा. साच्याला सुईने वायुछिद्रे पाडावीत. धातू वाहून नेण्याचे पात्र तापवून पूर्ण कोरडे करावे. साच्यात बसविलेल्या लोखंडी तुकड्यांना थंड पाण्याच्या तांब्यासारखा घाम फुटतो. तेही आधी ऊन करून घ्यावेत. ज्योतीने साच्याचा पृष्ठभाग सुकविता येतो, पण काही वेळाने आतली ओल पुन्हा वर येते. म्हणून सुकविलेला साचा रात्रभर ठेवू नये; त्यात लगेच ओतावे.