टेबलावरचा गुलाब
रूममेट बंगळुरूला शिफ्ट झाली आणि जाताना तिचा लाडका मिनिएचर गुलाब माझ्या गळ्यात मारून गेली. मी तो ऐटीत कम्प्युटर टेबलावर मांडला. वर एसी, रोज मगभर पाणी. महिन्याभरात पानं पिवळी, पानांखाली बारीक जाळी! फोनवर मात्र ‘मस्त आहे गं’ चालूच.

शेवटी नर्सरीतल्या काकांना शरण गेले. ‘ताई, छोटा असला तरी गुलाबच तो. घरात दोन-चार दिवस शोभेला, बाकी उन्हात.’ कॅलिफोर्नियाच्या राल्फ मूर (1907-2009) यांनी अशा शेकडो जाती घडवल्या, त्यांनाही ऊन लागतंच.

जाळी लाल कोळ्याची होती. कोरड्या हवेत तो फोफावतो. दोन-तीन दिवसांआड पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला. कुंडी बाल्कनीत, 5-6 तास उन्हात. बोटाचं पेर मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर छाटणी (कात्री धरताना हात थरथरत होता!), मग शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड.

डिसेंबरात नखाएवढी कळी दिसली. त्याच रात्री तिला फोन करून सगळं खरं सांगितलं.

‘माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘तू फोटो कुठे पाठवत होतीस?’